शालनच्या नावाचा उतार

शालन दोन वर्षांची असताना तिच्या डाव्या पायाला पोलिओ झाला, आणि त्या दिवसापासून तिची आई मंजुळा प्रत्येक दुकानाच्या पायऱ्या आधी मोजायची, मग माल बघायची. मंजुळा बी.ए. झालेली, ठाण्याच्या कोर्टात कारकून. राहायला कळव्याला. साडीच्या दुकानात जायचं झालं की शालन रिक्षात बसून राही, मंजुळा आत जाऊन चार साड्या खांद्यावर टाकून आणी, आणि शालन त्यातली एक निवडे. म्हणजे निवडलेली असे आईनेच.

त्र्याण्णव साली शालनला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. पहिल्या दिवसाची साडी मात्र आपण दुकानात बसून, सगळी कपाटं उघडायला लावून घेणार, असं तिने जाहीर करून टाकलं.

नेमकं त्याच सुमाराला मंजुळाची कॉलेजातली मैत्रीण सुमती नवऱ्याबरोबर ठाण्यात साड्यांचं दुकान टाकत होती. जोतं उंच, समोर फूटपाथ. सुमतीनेच सुचवलं की पायऱ्यांऐवजी उतार करू, शालनला सरळ आत येता येईल. दाराशी बाकडं ठेवीन, तिला कॅलिपरचा बूट काढून गादीवर बसायला नको. पण उतार फूटपाथवर येणार, त्याला वॉर्ड ऑफिसची परवानगी हवी. अर्ज शालनच्या नावाने गेला तर लवकर होईल, आणि तुझ्यासारखं कोण लिहिणार?

मंजुळाने लिहिला. शालनला सांगितलं नाही; नाव पुढे केलेलं तिला खपलं नसतं. परवानगी आली. गवंड्याने केलेला पहिला उतार फार चढा झाला, तेव्हा मंजुळाने स्वतः उभं राहून तो फोडून पुन्हा लांब करून घेतला, वर शालनची कुबडी घसरू नये म्हणून रेघा ओढायला लावल्या.

उद्घाटनाला शालन त्या उतारावरून वर गेली. फोटो निघाला, टाळ्या पडल्या. गर्दी फार, म्हणून सुमती म्हणाली की निवांत ये, सगळं दाखवते.

पंधरा दिवसांनी मायलेकी गेल्या तर उतारावर साड्या नेसवलेले चार पुतळे उभे आणि त्यांच्यामध्ये सेलच्या मालाचं टेबल. सुमती लगबगीने रिक्षापाशी आली. शालन, तू बस गं, मी इथेच आणते, म्हणाली. बाकड्याचं विचारल्यावर तिने नजर वळवली. आत पांढरी गादी, बुटाने गिऱ्हाइकं नाराज होतात, असं हे म्हणतात.

"परवानगी हिच्या नावावर आहे, सुमती," मंजुळा म्हणाली.

"आहे ना. पण दुकान आमचं आहे. आणि अर्ज काय मी लिहिला? तूच तर लिहिलास."

"कसला अर्ज?" शालनने रिक्षातून विचारलं.

सुमतीने गल्ल्यामागून अर्जाची झेरॉक्स लावलेली फाइल आणून तिच्या हातात दिली. वाटलं असेल, कागद दिसला की प्रश्न मिटेल. शालनने शांतपणे वाचला. 'माझी मुलगी असहाय असून कोणाच्या आधाराशिवाय तिला पाऊलही टाकता येत नाही. तिचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या दयेवर आहे.' सगळं मंजुळाच्या वळणदार अक्षरात, आणि खाली शालनच्या वतीने तिचीच सही.

पाच वर्षं एकटीने कॉलेजला गेलेली मुलगी ती. फाइल मिटून तिने सुमतीला परत केली आणि रिक्षावाल्याला कळव्याला चला म्हणाली.

अर्ज असेच लिहावे लागतात, नाहीतर कोणी वाचत नाही, असं मंजुळा वाटेत दोनदा सांगायला गेली. शालन खाडीकडे बघत होती.

"सुमतीमावशीने फसवलं ते कळलं मला," ती अखेर म्हणाली. "पण ती वाक्यं तिची नाहीत."

सोमवारी, नोकरीच्या पहिल्या दिवशी, शालन जुना पंजाबी ड्रेस घालून कामावर निघाली. मंजुळा डबा घेऊन जिन्यापर्यंत गेली. शालनने डबा घेतला, पिशवीत टाकला.

"आई, तू वरच थांब," म्हणाली, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.