गोधडी भिंतीवर चढली!

चार बायका सुई घेऊन बसल्या म्हणजे तोंडं शिवून बसत नाहीत. एक किस्सा संपेस्तोवर दुसरा तयार! त्यात आमच्या कांदिवलीच्या गोधड्या पवईच्या एका म्युझियममध्ये लागल्यात, येत्या महिन्यात लोकांसाठी उघडणार. एका खोलीत धाग्यादोऱ्यांचं प्रदर्शन, शेजारच्या खोलीत फोटोंचं. मग काय, किस्स्यांना तोटाच नाही!

*

म्युझियमच्या रेवामॅडम पहिल्यांदा घरी आल्या आणि पिशवीतून पांढरे हातमोजे काढले. माझी जुनी गोधडी अशी उचलली, जसं काही पाच दिवसांचं पोर! म्हणाल्या, "आजी, आता हिला नुसत्या हातांनी धरायचं नाही हं."

मी म्हटलं, "अगो बाय, तीन नातवंडं मुतली हिच्यावर. तेव्हा नाही कुणी मोजे घातले!"

*

माझी जोडीदारीण फिलोमिना, मनोरीची. चाळीस वर्षं आम्ही एकाच गोधडीला दोन बाजूंनी टाके घालतोय. मॅडमनी वही काढून तिला विचारलं, "मावशी, ही गोधडी तुम्हाला कशावरून सुचली?"

"थंडीवरून!"

मॅडमनी ते लिहून पण घेतलं.

*

मग फोटोवाला आला. दाढी हीऽ एवढी! "मावशी, चेहरा नको. फक्त हात पाहिजेत. सुरकुत्या झकास आहेत!"

फिलोमिनाने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मुंडी घेशील तर हात मिळतील. सुट्टे देत नाही, चल!"

आता फोटोत ती अख्खी आहे. डोळे वटारून!

*

खरी वाट लावली ती फिलोमिनानेच. गोधडी लावलेली बघायला आम्हाला म्युझियमला बोलावलं, आणि मॅडम येईपर्यंत तासभर बसवून ठेवलं. समोर कुणा मोठ्या कलाकाराची शाल टांगलेली. मधोमध हे भलंमोठं भोक, दोरे लोंबतायत. फिलोमिनाच्या पिशवीत सुई कायम. बसल्या बसल्या भोक गायब!

मॅडम किंचाळल्याच. "मावशी! ते भोक म्हणजेच तर कला होती!"

फिलोमिना शांत. "मग परत फाडते. केवढं पाहिजे, सांग."

*

त्याच दिवशी आमच्या गोधडीखालची चिठ्ठी दिसली. मी शाळेचं तोंड नाही बघितलं. फिलोमिना चौथी पास, तिने वाचली. 'अनामिक कारागीर, मुंबई उपनगर.' शालवाल्याचं नाव मात्र हातभर!

"अनामिक म्हणजे काय गं?"

"नाव माहीत नाही, असं," मॅडम म्हणाल्या. "जुन्या घरगुती वस्तूंना तसंच लिहितात, आजी."

"तीन महिने माझ्या हातचे घावणे खातेस, आणि नाव माहीत नाही? दोघींची नावं लिही. नाहीतर गोधडी घरी चालली!"

"चिठ्ठ्या छापून झाल्या, आजी. आता काही बदलणार नाही."

मी गोधडी भिंतीवरून ओढली, तिथेच जमिनीवर अंथरली आणि भर दुपारी आडवी झाले. फिलोमिना शेजारी. वॉचमन आला, "आजी, उठा ना!" म्हटलं, "गोधडी माझी, पाठ माझी. तुझं काय जातं रे?" आणि डोळे मिटले.

तेवढ्यात खूप बुटांचा आवाज. म्युझियमचे मोठे साहेब पाहुणे घेऊन आलेले. सगळे आमच्या पायांपाशी थबकले. साहेबांनी विचारलं, "मॅडम, या कोण?"

मॅडम नुसत्या अंऽ अंऽ करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सर, या सुलोचना विठ्ठल राऊत. आणि या फिलोमिना आंतोन परेरा."

मी डोळे न उघडताच म्हटलं, "बघ गो फिलो, तोंडपाठ आहेत की हिला!"