दुसऱ्या भागाची कॅसेट

दहिवडीच्या यष्टी स्टँडामागं मी शेंगा इकायची, तवा शेजारी टीव्हीवरच्या गेमचं दुकान व्हतं. दुकानदाराला समदी ‘शेठ’ म्हणायची, पर त्येच्या पायातली स्लिपर तुटकी. कॅसेट घालायच्या आधी तीत फुंकर मारायचा, चुलीत मारल्यावानी, अन् मग कपाळाला लावायचा.

बंदुकीच्या एका गेमवरच त्येचं दुकान चालायचं. एकदा साताऱ्यासनं त्याच गेमचा दुसरा भाग घिऊन आला. नारळ फोडला, मला खोबरं दिलं. म्हणला, “मावशी, आता बगा दुकान कसं पळतंय!”

चित्रं लय झ्याक व्हती. पर पयल्यात दोघं संगं पळायची, एकमेकाला वाचवायची. ह्यात एकट्यानंच खेळायचं. मेंढरं राखणारं गडी जोडीनं यायचं, ते म्हणलं, “काय रं शेठ, ह्यो खेळंल अन् मी काय दार राखू व्हय?” जुनी कॅसेट शेठनं फळीवर टाकलेली, दुकान मोकळं पडलं. शेठ एकटाच खेळत बसायचा.

एक दिस दुपारी त्येनं जुन्या कॅसेटीत फुंकर मारली अन् दुसरा रिमोट माज्या हातात दिला.

“मावशी, जोडीदार पायजे. तुमी नुस्तं फुडं चाला, गोळ्या मी मारतो.”

आमचं मालक मुंबैला गेलं ते आलंच न्हाईत. दुष्काळात खडी फोडली, पोरं वाढवली, समदं एकटीनं. ‘जोडीदार पायजे’ असं मला कुणी म्हणलंच नव्हतं.

मी चालले अन् थेट खड्ड्यात.

“आवं मावशी, उडी!” शेठ वरडला.

आवाजानं दोन मेंढपाळ गडी दारात आलं. जुना गेम बगून म्हणलं, “सरका मावशी, आमी खेळतो.”

“थांबा की,” मी म्हणले. “माजा डाव हाय.”