पंचमीला तवा ठेवणारी सवत

माझी सवत हिरव्या रंगाची आहे, चार चाकांची आहे आणि तिला घरात मीच ओवाळून घेतलं. भंगाराच्या दारातून उचलून आणलेली जुनी जीप. नवऱ्याने ती वालूरच्या आमच्या अंगणात लिंबाखाली उभी केली तेव्हा मी हौसेने हळद-कुंकू घेऊन गेले, नारळ फोडला, चाकावर पाणी घातलं. कुणाला घरात घेतेय हे कळलं असतं तर तो नारळ मी दुसरीकडे फोडला असता.

नवरा शेती करतो. शेतातून उरलेला वेळ बायकोचा, असा माझा साधा हिशोब. पण हा माणूस सकाळी उठला की आधी तिच्या बॉनेटवर हात ठेवतो. मला ताप आला तेव्हा मात्र ‘गोळी घे’ हे त्याने अंगणातूनच सांगितलं होतं. तिला पुसायला मऊ फडकं लागतं, ते माझ्या सुती साडीचं. आणि दागिना घातला तोही तिला. टर्बो. म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो, मग गाडीला चढावर दम लागत नाही. चढ मीही चढते, पाण्याची घागर घेऊन. माझ्या दमासाठी कुणी काही बसवलं नाही.

पण दागिना तिला सोसला नाही. टर्बोतून निघालेला धुराचा पाईप खाली उतरताना थेट सेल्फला चिकटून जात होता. सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. गाडी चालली की पाईप तापायचा, पाईपाशेजारी सेल्फ भाजून निघायचा. थंड असताना गाडी गुणाने सुरू होई. बाजारात जाऊन बंद केली की संपलं. चावी फिरवावी, ‘टक्’ एवढा आवाज यावा आणि पुढे शांतता. मग चार माणसं बोलवायची आणि ढकलायची. एका लग्नात मी भरजरी पदर खोचून ढकलली. लोकांना माझी दया आली. मला काय आनंद होत होता ते त्यांना कुठून कळणार.

नवरा हार मानेना. त्याने छोटा सेल्फ आणला. जुना मुसळासारखा, हा पाण्याच्या तांब्याएवढा. पण आत गिअर असल्यामुळे जोर तेवढाच. शिवाय ज्या चकतीवर तो बसतो तिला कडेने गोलाकार भोकं होती. एक एक भोक सरकवत सेल्फ फिरवायचा आणि त्याचं वायरी जोडलेलं नाजूक डोकं पाईपापासून लांब न्यायचं. मधे बोटभर फट हवी. पण त्या सांदीत नजर पोचत नव्हती आणि मापाची पट्टीही शिरत नव्हती.

म्हणून तो माझ्या स्वयंपाकघरात आला.

“थोडी कणीक दे,” म्हणाला. “पोळीची नगं. पुरीची, घट्ट.”

मला वाटलं, पुऱ्या खायच्यात. मी प्रेमाने मळली. त्याने गोळ्याला तेल लावलं, सेल्फच्या अंगावर थापला, सेल्फ जागेवर बसवून बोल्ट आवळले आणि पुन्हा काढला. पाईपाने कणीक किती दाबली त्यावरून फट किती राहिली ते कळतं. कणीक पापडासारखी पातळ झाली होती. मग एक भोक सरकवलं, पुन्हा कणीक. असं कितीतरी दिवस चाललं. माझ्या पोळीला आजवर त्याने ‘जाड झाली’ असंही म्हटलेलं नाही, कारण तिच्याकडे त्याचं लक्षच नसतं. सवतीची कणीक मात्र उजेडात धरून, एक डोळा मिटून, नव्या नवरीचं तोंड बघावं तशी बघत होता.

मी एकदा परात आपटली. म्हटलं, घरात एक तर ती राहील नाही तर मी.

जीप माझा भाऊ कधीपासून मागत होता, जिंतूरजवळच्या त्याच्या शेतासाठी. शेवटी नवरा म्हणाला, “ह्या बारीला गरम असताना सेल्फ लागला न्हाई, तर तुझ्या भावाच्या दारातच सोडून येतो हिला.”

मी त्याच्याकडून शपथ घेतली. परीक्षेचा दिवसही मीच ठरवला: नागपंचमी, माहेरी जायचा दिवस. वालूरहून जिंतूरपर्यंत पाईप चांगला लाल होईल, अशी माझी खात्री होती.

पंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत आणि चुलीवर तवा तर अजिबात ठेवत नाहीत. सगळं उकडलेलं. पहाटे मी दिंडांची, म्हणजे पुरण भरून उकडायच्या घड्यांची, कणीक मळून ठेवली आणि आंघोळीला गेले. येते तर एक गोळा गायब. मी मांजराला शिव्या दिल्या.

जिंतूरच्या वाटेवर निम्म्यात वास यायला लागला. खमंग, भाजल्याचा. नवरा म्हणाला, कुणाच्या तरी शेतात कणसं भाजायलेत. काहीतरी जळतंय एवढ्यावरच मी खूश होते.

भावाच्या दारात त्याने गाडी बंद केली. आई ओट्यावर बसली होती. आम्हाला ‘या’ म्हणायच्या आधी तिने नाक वर केलं.

“आज तवा कुणी ठिवला गं?”

भावजय आतून धावत आली. तिचं तोंड उतरलं होतं. “आत्याबाई, चुलीवर नुस्तं पातेलं हाय. बघा की येऊन.”

“वास तर पोळीचाच हाय,” मी हळूच म्हटलं. असा योग रोज येत नाही.

तेवढ्यात नवऱ्याने बॉनेट उघडलं आणि तो एकदम लहान झाला. पहाटे शेवटची फट बघायला त्याने लावलेला दिंडाचा गोळा तिथेच राहिला होता. पाईप आणि सेल्फच्या मधे. बदामी रंगाचा, टम्म फुगलेला. माझी एकही पोळी आयुष्यात अशी फुगली नाही. त्या क्षणी मी जीपला डोळ्यांनी जाळलं.

“जावईबापू,” आई गंभीरपणे म्हणाली, “तुमच्या गाडीनं पंचमीचा तवा ठिवला.”

गोळा गाईला गेला. आता परीक्षा. नवऱ्याने चावी माझ्या हातात दिली. “तूच फिरव. पुन्हा म्हणशील मी काई तरी केलं.”

मी चढून बसले. आणि बघते तो शेजारच्या, म्हणजे माझ्या सीटवर भावजय येऊन बसलेली. पदराने समोरची काच पुसत होती. “ताई, आमी हिला लय जपू. लाल रंग देऊ.”

भाऊ बॉनेटवर थाप मारत म्हणाला, “टर्बो उद्याच काढून टाकतो दाजी. शेतात कशाला पायजे.”

लाल रंग. आणि अंगावरचा दागिना काढणार. कुणाचा हेवा कुणासाठी वाटतोय तेच मला समजेना. सगळ्या वाटेने मी नागोबाला विनवत आले होते, लागू देऊ नको. आता डोळे मिटून म्हटलं, देवा, मगाचं विसर.

चावी फिरवली. ‘टक्’ झालं आणि माझा जीव गेला. पण त्या ‘टक्’च्या पाठोपाठ सेल्फने इंजिनाला असा हिसका दिला की अख्खी जीप थरथरली आणि धडधडायला लागली.

“उतर,” मी भावजयीला म्हटलं. “चक्कर मारायची असंल तर मागं बस.”

परतताना नवरा भोक कसं बरोबर साधलं ते सांगत होता. मी त्याला ऐकवलं की सगळी वाट तुझ्या पाईपाचा भडका सेल्फऐवजी आपल्या अंगावर घेतला तो माझ्या कणकेने. श्रेय त्या कणकेला दे. त्याने दिलं नाही.

आता तो बाहेर निघण्याआधी बॉनेट उघडून वाकला की मीही पदर खोचून शेजारी जाऊन उभी राहते. त्याला वाटतं, कणीक राहिली का ते बघायला येते. तसं वाटू दे. त्या दोघांना तिथे एकटं सोडायची माझी तयारी नाही.