फ्रिजला चढवलेला कोट

तीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचून तो गृहस्थ निवृत्त झाला, तेव्हा गल्लीने त्याचं नाव 'युनिटराव' ठेवलं. अर्थात माघारी, तोंडावर सगळे 'साहेब'च म्हणत. कुणाकडे चहाला गेले, तर कपाआधी त्यांची नजर छताकडे जाई. "पंखा जुना दिसतोय. कठीण आहे," असं म्हणून ते अशी मान हलवत, की डॉक्टरांनीच आशा सोडली असं यजमानाला वाटावं.

निवृत्तीनंतर त्यांनी मोर्चा स्वतःच्या घराकडे वळवला. आधी सगळे दिवे बदलून एलईडी बसवले. मग दारं-खिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या ठोकल्या, त्याही इतक्या घट्ट की पुढचं दार उघडायला बायकोला खांदा लावावा लागे. गच्चीला पांढरा रंग दिला. घर खरंच जरा गार राहू लागलं. "बरं झालं हं," असं बायको एकदा म्हणाली आणि तिथेच तिचं चुकलं. कौतुक युनिटरावांच्या अंगी लागत नसे, थेट डोक्यात जाई.

एका सकाळी ते थर्माकोलचे भलेमोठे तक्ते घेऊन आले. फ्रिजला मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून चिकटपट्टीने गुंडाळून टाकलं आणि तो ढकलत नेऊन भिंतीला टेकवला.

"अहो, हे काय चाललंय?"

"गारवा बाहेर पळतो याचा. आता पळून दाखव म्हणावं!"

"पण याच्या बाजू तर हाताला गरम लागायच्या. गारवा पळत असता, तर गार लागल्या नसत्या का?"

"तू स्वयंपाकाचं बघ. मी तीस वर्षं खात्यात काढलीत."

खात्यात तीस वर्षं नुसते आकडेच उतरवून घेतलेत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्या दिवसापासून फ्रिज घरघरू लागला, तो थांबायचं नावच घेईना. पुढचं बिल चांगलंच फुगून आलं. युनिटरावांनी पहिला संशय घेतला तो मीटरवर. जुना सहकारी येऊन तपासून गेला. मीटर ठणठणीत निघाला. मग शेजारणीवर. आपल्या तारेवर तिने आकडा टाकलाय, अशी खात्री पटून ते घरची वीज बंद करून तिच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. पलीकडे टीव्ही सुखात चालू होता. शेवटी संशय बायकोवर आला. इस्त्री लावण्याआधी विचारायचं, असा हुकूम निघाला. तिने विचारलंच नाही. सरळ चुरगळलेला शर्ट पुढे केला. "घाला. युनिट वाचवलेत."

तिसऱ्या महिन्यात त्यांची भाची भेटायला आली. तिचा व्यवसाय फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि ग्लास हातात घेऊनच थबकली. तिने थर्माकोलच्या आत बोटं घातली आणि झटकन मागे घेतली.

"मामा, याला कुणी गुंडाळलं?"

मामा खिडकीबाहेर काहीतरी निरखू लागले.

"अहो, फ्रिज आतली उष्णता या बाजूंनीच बाहेर टाकतो. तुम्ही त्याला कोट चढवलात. तो तापतोय, धापा टाकतोय आणि वीज खातोय. कधीपासून हे?"

"गेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्यातला दुसरा मंगळवार," मामी म्हणाली.

भाचीने सगळं फाडून काढलं आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. संध्याकाळपर्यंत घरघर थांबली. ती शांतता ऐकायला मामीने हातातली सुरी खाली ठेवली.

त्यानंतरचं बिल मात्र झकास उतरलं. दिव्यांनी आणि पट्ट्यांनी आपलं काम मुकाट्याने केलंच होतं. युनिटरावांनी लगेच रहिवाशांच्या बैठकीत व्याख्यान ठेवलं. "काही अडाणी लोक फ्रिजला चक्क गुंडाळून ठेवतात," ते तावातावाने म्हणाले.

"इतकं कोण अडाणी असतं हो?" शेजारणीने विचारलं.

युनिटराव पाण्याचा ग्लास शोधू लागले. दुसऱ्या रांगेतून त्यांच्या बायकोचा शांत आवाज आला, "सांगा ना. पत्ता मी देते."

हशा बराच वेळ चालला. युनिटरावांनी कागद उलटला आणि गिझरवर बोलायला सुरुवात केली. ते कुणी ऐकलं नाही. पण त्याच संध्याकाळी गल्लीतल्या तीन घरांनी आपापले फ्रिज भिंतीपासून पुढे ओढले, आणि त्याचं श्रेय युनिटराव आजही स्वतःकडे घेतात.