कोंडाईबारीच्या उतारावर वाजलेला फोन

खान्देशातल्या केळीवाल्यांनो, ट्रकवाल्यांनो आणि ट्रकवाल्यांच्या घरच्यांनो, आपलं दुखणं एकच आहे. आपला माल घाट उतरून बाजारात पोचतो, पण आपला माणूस घरी पोचेलच याची खात्री नसते. गाडी उलटली की आपण मोबाइलवर विखुरलेल्या घडांचे फोटो बघतो, ‘ब्रेक फेल’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी भरतो. दोष लोखंडावर ढकलला की माणसं मोकळी!

सभांमधून मी हे ओरडून सांगत आले. पण गेल्या महिन्यात माझा चुलतभाऊ सुपडू याची बायको, मंगल, माझ्या ओट्यावर येऊन बसली. सुपडू केळीची गाडी घेऊन सुरतला जातो. एरंडोलजवळ आमचं गाव.

“अक्का, त्या सुरतथून येतस नि दोन दिन त्यासना हात थरथर करतस. काही सांगतस नही,” मंगल म्हणाली. “तुम्ही एकदाव संगे जा. घाटमा त्यासले घाई कोन करस, तेवढंच माले सांगा.”

म्हणून मी निघाले.

सावद्याजवळच्या एका बागेत सकाळी गाडी भरली. खाली केळीच्या पानांचा जाड थर, त्यावर हिरवे घड, वर पुन्हा पानं. केबिनमध्ये चढायला तीन पायऱ्या, आणि वर बसलं की रस्ता एवढा खाली दिसतो की आपण कुणाच्या तरी छपरावर बसून निघालोय असं वाटतं. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा. रस्ता चौपदरी, ऊन सोसण्यासारखं. इथवर भीती नव्हती. फक्त फोन होते. आधी बागवाल्याचा, मग माल पाठवणाऱ्या शेठचा, मग सुरतच्या आडत्याचा, मग परत शेठचा.

“नवरदेवले इतलं पुसतस नही, जितलं माले पुसतस,” सुपडू हसत म्हणाला.

“मग उचलू नकोस.”

“नही उचला ते पुढली गाडी दुसराले.”

धुळं सोडल्यावर साक्रीच्या अलीकडे जेवलो. या बाजूला आलात तर शेवभाजी चुकवू नका, पण तिखट कमी सांगा, नाहीतर उरलेला प्रवास पाणी शोधण्यात जाईल. भाकरी गरम, कांदा फुकट, दोघांचं बिल शहरातल्या एका ताटाएवढं. सुपडूने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. घाटाआधी त्याला जेवण जात नाही, हे मला तिथे कळलं.

साक्रीच्या पुढे जमीन उंचसखल होते, सागाची झाडं दिसू लागतात आणि मग एकदम समोरचा रस्ता संपल्यासारखा वाटतो. तो कोंडाईबारीचा माथा. तिथे रस्त्याकडेला शेंदूर फासलेलं देवीचं एक ठाणं आहे. आमचे जुने ड्रायव्हर इथे गाडी थांबवत. नारळ फोडायचा, गाडीभोवती एक फेरी मारायची, टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकायचे, चाकांजवळ हात नेऊन ब्रेक किती तापलेत ते बघायचं, हवेच्या ब्रेकचा दाब दाखवणारा काटा पुरा वर आला की मगच निघायचं. मला विचाराल तर देवीचा खरा प्रसाद तो थांबा होता. आता काय करतात? चालत्या गाडीतून नाणं फेकतात.

सुपडूनेही फेकलं.

“अरे, थांबत नाहीस?”

“शेठनी तीनदाव पुसं, अक्का.”

ज्या गिअरात गाडी घाट चढते त्याच गिअरात ती उतरवायची, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवर भार येत नाही. हा नियम सुपडूला पाठ आहे. मला त्यानेच सांगितला. पण वेळ भरून काढायला त्या दिवशी त्याने एक गिअर वरचा ठेवला.

उतार लागला. मागे केळीचं ओझं आणि पुढे फक्त काच. पहिल्या वळणावर ब्रेक, दुसऱ्यावर ब्रेक, मग सरळ रस्त्यावरही पाय ब्रेकवरच. केबिनमध्ये जळक्या रबरासारखा वास भरला. मी सुपडूकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“खालना गिअर टाकस,” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा फोन वाजला.

फोन घसरत काचेकडे गेला. सुपडूचा डावा हात, गिअरचा हात, सवयीने फोनकडे गेला. क्लच दाबलेला, जुना गिअर सुटलेला, नवा पडलेला नाही. फोन टाकून त्याने दांडा ओढला तेव्हा फार उशीर झाला होता. खालून कर्रकर्र आवाज आला. गिअर लागेना. ब्रेक दाबला तर पाय आत जात होता आणि गाडी ऐकत नव्हती. हवेचा काटा खाली येत होता. इंजिनची पकड सुटलेली गाडी किती शांत होते, ठाऊक आहे? ती शांतता मला अजून झोपेत ऐकू येते. फक्त वारा, आणि वाजणारा फोन.

“अक्का, घट धर!”

डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकला होता. सुपडूने गाडी त्यात घातली. काचेवर लाल माती उसळली, माझं डोकं दारावर आदळलं, मागे घड दडदडले, आणि आम्ही थांबलो.

सुपडू स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला. फोन माझ्या पायाशी पडून वाजतच होता. मी तो उचलला. शेठला काय काय ऐकवायचं ते सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

पडद्यावर नाव होतं, ‘घर’.

“अहो, उतरनात का घाट?” मंगलचा आवाज. “माले दम निंघत नही.”

हजार माणसांसमोर न अडखळणारी मी. “चहा घेतोय,” एवढंच म्हटलं.

कामावरचा पोकलेनवाला हसत आला. “काय भो, केळीनं दुकान आठेच, घाटमा मांडनं का?” मग सुपडूचा चेहरा पाहून तो पोकलेनकडे वळला. त्याने गाडी मागे ओढून दिली. ब्रेक हाताला निवेपर्यंत आम्ही बसून राहिलो. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो, म्हणून नुसतं बसायचं. मग सुपडूने टायर ठोकले, काटा पाहिला आणि फोन माझ्या पिशवीत टाकला. दुसऱ्या गिअरात, माणूस चालतो त्या गतीने, आम्ही खाली आलो. माल उशिरा पोचला. आडत्या बोलला. बोलू दे!

सुरतहून मी रेल्वेने धरणगावला उतरले आणि थेट मंगलकडे गेले. “घाई कोन करस?” तिने पुन्हा विचारलं. मी खरं सांगितलं. शेठ, बागवाला, आडत्या. आणि त्या दिवशी तू. तिने पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली. रडली नाही. मी शेठलाही फोन केला. “माल पिकला तर?” म्हणाले. “पिकलेला माल विकता येतो, शेठ,” मी म्हटलं.

पुढच्या खेपेला मी मंगलजवळ बसले होते. तिने फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दिवेलागण झाली. चहा गार झाला. मलाही त्या फोनकडे बघवेना. अखेर तो वाजला.

“उतरी गऊ,” सुपडू म्हणाला.

म्हणून आज मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागते. आज तुमची गाडी किंवा तुमचा माणूस निघण्याआधी त्याला सांगा: “मी फोन करणार नाही. माथ्यावर थांब, आणि घाट उतरलास की तू कर.” आणि मग, जीव कितीही वरखाली झाला तरी, हात मांडीखाली दाबून धरा.