डॅडींची बंदूक आणि गाईची घंटा

डेल्मर रिफने बांधलेली एक बंदूक हातात घेऊन एका पाहुण्याने विचारलं, "ही करायला किती वेळ लागला?"

"दोनशे चौदा तास," डेल्मर म्हणाला. "त्यातले साठ वाया गेले."

वाया गेलेले तासही तो मोजायचा. खाणीतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं त्याने लेथ चालवला. तिथे बिघडलेलं काम फेकून देत नसत. ज्याने बिघडवलं त्याच्या टेबलावर ते आठवडाभर ठेवत. डेल्मरच्या टेबलावर एकूण चार वेळा असं काम पडलं होतं. चारही त्याला तपशीलवार आठवत.

निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये ठासणीच्या बंदुका बांधायला घेतल्या. नळी विकत आणायची, बाकी सगळं हाताने. मेपलच्या फळीतून दस्ता कोरायचा, चाप घडवायचा, पितळ ओतायचं. आठ वर्षांत सहा बंदुका झाल्या. महिन्यातून एका शनिवारी लॉरेल लिकच्या दरीत अशा बंदुकांच्या हौशी लोकांचं मंडळ जमे. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, फडक्यात गोळी गुंडाळून गजाने ठासायची, बार काढायचा आणि दुपारी काळ्या बोटांनी घेवडा नि मक्याचा पाव खायचा. डेल्मरला याहून जास्त काही नको होतं.

एक गोष्ट सोडून. डॅडींची बंदूक.

ती त्याची आणि त्याची थोरली बहीण व्हर्डा हिची, दोघांची मिळून होती, पण राहायची व्हर्डाकडे, पलंगाखाली, घोंगडीत. मुळात ती गारगोटीची बंदूक. पुढे आजोबांच्या काळात कुणा लोहाराने गारगोटीचा चाप, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, काढून तिला तांब्याच्या स्फोटक टोपीने उडणारी केली होती. काम धसमुसळं. चापाच्या पट्टीवर तीन भोकं शिशाने बुजवलेली, नळीच्या बाजूला टोपी ठेवायचं बोल्टासारखं एक बोंडुक पिळून बसवलेलं. डेल्मर सात वर्षांचा असल्यापासून त्या बोंडकाकडे बघत आला होता. एखाद्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात दिसावं तसं त्याला व्हायचं.

मार्चमध्ये तो व्हर्डाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि म्हणाला, "मी तिला परत गारगोटीवर आणतो."

व्हर्डा तीस वर्षं शाळेची बस चालवत होती. मागे न बघता मागच्यांना गप्प करायची तिची सवय अजून गेली नव्हती. तिने चुलीकडे तोंड ठेवूनच सांगितलं, "तू तिला हात लावायचा नाहीस."

"हात नाही लावत. कानस लावतो."

"माझा मिक्सर दुरुस्त केलास, तेव्हापासून तो भिंतीवर टोमॅटो उडवतो."

"झाकण लावत जा."

"डॅडींच्या हातात होती तशी ती माझ्याकडे आली आहे. मी ती चुलाण्यावरच्या भिंतीवर टांगणार आहे. शोभेला."

"बंदूक शोभेला?" डेल्मर म्हणाला. "मग माझा लेथही टांग."

तीन शनिवार वाद चालला. अखेर ठरलं ते असं. डेल्मरने फक्त चाप बदलायचा. डॅडींनी बसवलेली माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं पातं, त्याला बोट लावायचं नाही. गोळी घालून पहिला बार निघेल तो व्हर्डाच्या डोळ्यांदेखत, ऑक्टोबरच्या मेळाव्यात, कुऱ्हाडीच्या खेळात. तीन बार मिळतील. एका जरी बारात गोळी कुऱ्हाडीच्या पात्यावर दुभंगली, तर बंदूक चालती राहील आणि डेल्मरच्या शेडमध्ये येईल. नाही दुभंगली, तर ती भिंतीवर जाईल आणि तिला पुन्हा कधी दारू दाखवायची नाही.

"कबूल?" व्हर्डाने विचारलं.

"कबूल. आता तो पाव दे."

बोंडुक काढायलाच नऊ दिवस लागले. रोज संध्याकाळी तेल सोडायचं, सकाळी पाव आटा फिरवायचं. घाई केली असती तर नळी चिरली असती. मग त्या भोकात नवा तुकडा आट्यांनी बसवला आणि त्याला आतून निमुळता, बाहेर एक सोळांश इंचाचा कान, म्हणजे आग आत जायचं छिद्र, पाडला. सगळं त्या कानावर. गारगोटी पोलादी पानावर आपटते, ठिणग्या खाली वाटीतल्या चिमूटभर बारीक दारूवर, म्हणजे रंजकावर, पडतात आणि ती आग कानातून आत शिरते. कान केसभर खाली गेला तरी बार रेंगाळतो.

पोलादी पान पहिल्या खेपेला मऊ राहिलं. ठिणग्या पडल्या त्या लाल आणि आळशी. ते पुन्हा तापवलं, तेलात विझवलं, घरच्या ओव्हनमध्ये वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगावर आणलं. त्यानंतर ठिणग्या पांढऱ्या पडल्या आणि वाटीत पडल्यावरही सळसळल्या. डेल्मर शेडमध्ये एकटाच हसला. एकूण तास एकशे सत्याऐंशी. वाया एकवीस. त्याच्या मते बरं काम होतं.

मेळाव्याच्या दिवशी दरीतली सगळी पानं पिवळी झाली होती. हवा कोरडी, वारा नाही. ओंडक्यात कुऱ्हाड रुतवलेली, पात्याची धार उभी, तोंड नेमबाजांकडे. पात्याच्या दोन्ही बाजूंना मातीची एकेक चकती. पंचवीस पावलांवरून गोळी धारेवर बसली तर दोन तुकडे होतात आणि दोन्ही चकत्या फुटतात.

खेळाचा पंच होबर्ट क्लाईन. त्याच्या गळ्यात गाईची घंटा होती. त्या मंडळाचा तो दंडच होता. जो दारू घालायला विसरून नुसती गोळी ठासेल, त्याने ही घंटा गळ्यात घालायची आणि दुसरा कुणी तीच चूक करेपर्यंत प्रत्येक मेळाव्याला घालूनच यायचं. होबर्टची चूक मे महिन्यातली. तेव्हापासून सगळे त्याला गवत आणून देत होते.

"डेल्मर," तो खणखणत जवळ आला, "आज माझ्यावर उपकार कर बाबा. दारू विसर."

"मी एकेचाळीस वर्षांत चार चुका केल्या आहेत."

"मग पाचवीची वेळ झाली की."

व्हर्डा घडीची खुर्ची टाकून, मांडीवर थर्मास घेऊन बसली होती. तिने डेल्मरकडे नाही, बंदुकीकडे बघून मान हलवली.

पहिला बार. डेल्मरने घोडा ओढला, श्वास सोडला, चाप दाबला. ठिणगी, रंजक आणि आतला बार, तिन्ही एकच आवाज झाले. मध्ये फट नाही. चाळीसेक माणसं ओरडली. जिला शंभर वर्षं कुणी गारगोटीवर ऐकलं नव्हतं ती बोलली होती. डेल्मरला क्षणभर कुऱ्हाडीची आठवणच राहिली नाही. पांढरा धूर समोर पडद्यासारखा उभा राहिला, आणि तो विरला तेव्हा दोन्ही चकत्या जागेवर होत्या. गोळी कुठे गेली ते कळेना. ओंडका जुन्या भोकांनी चाळणीसारखा झालेला.

"आवाज चांगला आहे," व्हर्डा म्हणाली. तिच्या तोंडून हे फार होतं.

दुसऱ्या बारासाठी डेल्मरने नळी पुसली, दारूचा बुधला उचलला, माप हातात घेतलं.

"तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे," व्हर्डा म्हणाली.

त्याने बघितलं. खरंच सुटली होती. त्याने माप शेजारच्या दगडावर ठेवलं, वाकून नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली, उठला, तेलकट फडकं नळीच्या तोंडावर ठेवलं, त्यावर गोळी, आणि गजाने तळापर्यंत ठासली. वाटीत रंजक घातलं, नेम धरला. घोडा पडला. वाटीत भुस्स झालं. पुढे काही नाही.

डेल्मर हलला नाही. नळी समोर रोखूनच त्याने मनात मिनिटभर मोजलं. मग त्याला माप दिसलं. दगडावर. नाडी बांधताना ठेवलं होतं तिथेच, न भरलेलं.

मागे घंटा वाजली. होबर्ट ती गळ्यातून काढत होता. काढता काढता थांबला. चेहरा पडला. माणूस प्रामाणिक होता. "नियम आहे, विचारावं लागतं," तो म्हणाला. "भरताना तुझ्याशी कुणी बोललं का? बोललं असेल तर हा बार धरायचा नाही. आणि घंटा," त्याने ती पुन्हा मानेवर सरकवली, "माझ्याचकडे."

व्हर्डा नाडीचं बोलली तेव्हा होबर्ट पंचवीस पावलं पुढे चकत्या नीट करत होता. त्याने ऐकलं नव्हतं. डेल्मरने मागे वळून बघितलं नाही. माप ठेवलं ते त्याच्या हाताने. फडकं उचललं तेही त्याच्याच.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझी चूक. दे ती घंटा."

होबर्टने ती त्याच्या गळ्यात घातली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि शेजारच्या माणसाच्या हातातलं गवत डेल्मरच्या खिशात खोचलं. "पाच!" तो ओरडला. "पाचवी चूक, मंडळी! टेबलावर ठेवा याला!"

डेल्मरने कानातून सुईने चार कण बारीक दारू आत सरकवली, वाटी भरली, बार काढला. गोळी फुसकन निघून समोरच्या गवतात पडली. बार मोजला गेला. उरला एक.

तो दगडाशी उभा राहून नळी पुसू लागला. हात हलला की घंटा वाजायची. बाजूला कोणी तरी येऊन थांबलं. व्हर्डा.

"अजून भरायला लागला नाहीस ना?"

"नाही."

"मग बोलते. तू होबर्टला का सांगितलं नाहीस?"

"गोळी तू ठासलीस का?"

व्हर्डाने थर्मासचं झाकण काढलं, परत लावलं. "नाडी खरंच सुटली होती. मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे. मी बघितली ना."

ती ओंडक्याकडे वळली. "ती उजवीकडे फेकते."

"काय?"

"बंदूक. पंचवीस पावलांवर बोटभर उजवीकडे. माशी वाकडी बसली आहे. डॅडींनीच बसवली आणि मग सरळ करायला हट्टाने नाहीच म्हणाले. मी अकरा वर्षांची असताना मला सांगितलं, डावीकडे बोटभर धर आणि कुणाला सांगू नकोस. तुला तेव्हा पाळण्याबाहेर येऊन दोनच वर्षं झाली होती."

डेल्मरने पुसायचं फडकं खाली ठेवलं. "आणि हे तुला मार्चपासून माहीत आहे?"

"पासष्ट वर्षांपासून."

"आणि मला माशीला हात लावू नकोस म्हणालीस!"

"तू विचारलं नाहीस."

"व्हर्डा रिफ, तू लबाड आहेस."

"हो. भर आता. मी गप्प बसते."

डेल्मरने दारू मापली. मापात बघितलं, नळीत ओतली, रिकामं माप पुन्हा बघितलं. फडकं, गोळी, गज. सगळी दरी गप्प होती, फक्त घंटा टणटणत होती. नेम धरताना त्याने घंटा शर्टाच्या आत घातली. थंड होती. त्याने माशी धारेच्या डावीकडे नेली, बोटभर, आणि वर्षानुवर्षं हजारांश इंच मोजणाऱ्या डोळ्याने बोटभर म्हणजे किती ते ठरवलं. चाप दाबला.

धुरापलीकडून आधी आवाज आला. टण्ण, आणि लगेच दोन चकत्या एकामागून एक. धूर सरला तेव्हा पात्याच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं. होबर्ट नाचत होता. कुणी तरी डेल्मरची टोपी उडवली. शर्टातली घंटा पोटावर आपटत होती. तो इतका हसला की खोकला आला.

"चल," तो म्हणाला, "हातोडी आणतो. दोन टिचक्यांत माशी सरळ होईल."

"खबरदार," व्हर्डा म्हणाली. "शेडमध्ये ठेव, साफ कर, बार काढ. माशी राहू दे. मी तिला ओळखते." तिने थर्मास खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे. बावीस वर्षं झाली मला बार काढून. आणि काही बोलू नकोस."

डेल्मरने बंदूक दिली. व्हर्डाने बुधला उचलला, माप डोळ्यांसमोर धरलं आणि ओठ हलवत दारू ओतू लागली. डेल्मर तिच्या मागे दोन पावलांवर उभा राहिला. शर्टात हात घालून त्याने घंटेची जीभ मुठीत घट्ट धरली आणि तिचा बार निघेपर्यंत सोडली नाही.