मिलीमीटरकाकांच्या पाचरी

पोलादाने भरलेली अख्खी बोट मी एका लाकडी पाचरीपायी अडवली होती. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मिलीमीटरकाकांचं मोठेपण सांगायचं तर माझ्या शहाणपणापासूनच सुरुवात करावी लागते.

मी तेव्हा आमच्या पोलाद कंपनीच्या सप्लाय चेन विभागात नवा होतो. कंपनी जगभर पसरलेली. खनिज एका देशातून यायचं, कोळसा दुसऱ्यातून, गिऱ्हाईक तिसऱ्याच देशात आणि मालक नेमका कुठे असतो हे बहुधा त्याच्या बायकोलाही ठाऊक नसावं. आमच्याकडे पत्रा तयार झाला की त्याची गुंडाळी करतात. एकेक गुंडाळी वीस टनांची, आणि गोल. गोल वस्तूला बोटीच्या पोटात गडगडायचा मोह होतोच. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकतात. या पाचरी आमच्याच आवारातल्या सुतारशेडमध्ये तयार व्हायच्या, आणि शेडचे सर्वेसर्वा होते मिलीमीटरकाका.

पोलादाच्या कारखान्यातला एकुलता एक सुतार! भट्टी पेटायच्या आधी, ऐन विशीत ते इथे लागले. सगळं मिलीमीटरमध्ये बोलायचे, म्हणून हे नाव पडलं. मुलीला स्थळ आलं तेव्हा म्हणे त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मुलगा सरळ आहे ना? उंचीत पाच-दहा मिलीमीटर इकडेतिकडे चालेल." शेडच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा लावला होता. आपली पाचर ज्या बंदरात पोचली तिथे एक खिळा. नकाशात खिळे इतके, की समुद्र शोधावा लागे. स्वतः मात्र गावाबाहेरची नदीसुद्धा कामाशिवाय ओलांडत नसत.

तर मी एक तक्ता केला. जगातल्या आमच्या सगळ्या कारखान्यांना पाचरी एकाच परदेशी पुरवठादाराकडून घ्यायच्या. निळे बाण, हिरवे बाण, मध्ये एक गोल. मुख्य कचेरीतल्या आमच्या बाईसाहेब पडद्यावरून म्हणाल्या, "वा!" त्या एका 'वा'वर शेडला कुलूप लागलं. काकांना हातमोजे वाटायच्या खिडकीवर बसवलं आणि शेडमधल्या वाळवलेल्या फळ्या मी भंगारात लिहून टाकल्या. शेड माझ्या खुर्चीपासून चालत चार मिनिटांवर होती. मी एकदाही गेलो नव्हतो. जग जोडायच्या नादात तेवढं राहूनच गेलं.

पाच महिने काकांच्या जुन्या पाचरी पुरल्या. त्या संपल्या आणि एका बुधवारी सकाळी बंदरावरून फोन आला.

"साहेब, तुमच्या नव्या पाचरींवर शिक्का नाही."

"कसला शिक्का?"

पलीकडच्या माणसाचा आवाज एकदम हळुवार झाला. डॉक्टरांचा वाईट बातमी सांगण्याआधी होतो तसा. मग त्याने समजावलं. लाकडातून किडे परदेशात जातात. म्हणून लाकूड आतपर्यंत तापवायचं आणि तसा शिक्का मारायचा. त्याशिवाय गिऱ्हाइकाचा देश बोट धक्क्याला लागू देत नाही. करारातलं शिक्क्याचं कलम मीच खोडलं होतं. मला वाटलं होतं, शिक्का म्हणजे जाहिरात.

बोट शनिवारी सुटणार होती. ती चुकली तर ही मागणी आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्याकडे जाणार, आणि मग आमची दुसरी उत्पादन लाइन बंद. दोनशे माणसं घरी. मी धावत हातमोज्यांच्या खिडकीशी गेलो.

"काका—"

"माप?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हातमोजे नकोत, काका. घोळ झालाय."

"साहेब, या खिडकीत फक्त हातमोजे मिळतात. घोळ मुख्य कचेरीत."

हे ते रागाने म्हणाले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मी सगळं सांगितलं; कलम मीच खोडलं तेही. ते उठले, खिडकीवर 'लगेच येतो'ची पाटी लावली आणि आवारात पडलेल्या नव्या पाचरींच्या ढिगाकडे गेले. एक उचलली, हुंगली, तिच्यावर बोटाने टिचकी मारली.

"हिला तापवून शिक्का मारला तरी उपयोग नाही. ओली आहे. हे लाकूड अजून स्वतःला झाडच समजतंय. बोटीत आकसेल, पाचर ढिली पडेल, आणि तुमची वीस टनी बाहुली फिरायला निघेल."

"मग? तुमच्या वाळलेल्या फळ्या तर मी भंगारात..."

"भंगारवाला आला होता. मी म्हटलं, फळ्या मापायच्या राहिल्यात, झालं की ने."

"म्हणजे?"

"पाच महिने मापतोय."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मध्ये पाचरींचा ढीग होता. शिक्क्याचा परवाना शेडच्या नावावर होता आणि त्याची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. म्हणजे अजून नऊ दिवस. मी कुलपाची किल्ली आणली. आत गेल्यावर थकलो म्हणून जवळच्या फळ्यांवर टेकलो, तर काका ओरडले, "ऊठ! ते लाकूड आहे, बाकडं नाही!" पाच महिन्यांत पहिल्यांदा ते मला 'साहेब' म्हणाले नाहीत.

मग तीन दिवस मी हमाली केली. काका कापत होते, मी उचलत होतो. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी त्यांची एक खोली होती. तिथे पाचरी तापवायच्या, आतलं तापमान लिहायचं, मग शिक्का. मी मारलेला पहिला शिक्का उलटा पडला. "किडे वाचायला मान वाकडी करतील," एवढंच म्हणाले आणि ती पाचर बाजूला टाकली.

गुरुवारी दुपारी काकू डबा घेऊन फाटकाशी आल्या. मला नखशिखांत बघून म्हणाल्या, "शेडला कुलूप लावणारे ते हेच का?"

"हो. मीच."

"बरं केलंत हो. निदान पाच महिने माणूस वेळेवर जेवला. आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, एकोणीस वर्षं मी त्याखाली पुठ्ठा घालतेय. आणि हे निघालेत साऱ्या जगाच्या बोटी सावरायला!"

"तो पाय सहा मिलीमीटरने कमी आहे," काका आतून म्हणाले. "लक्षात आहे माझ्या."

"लक्षातच आहे!" काकू म्हणाल्या, आणि दुसरा डबा माझ्या हातात ठेवला. तो माझ्यासाठीच आणला होता. मी काय केलंय हे ठाऊक असूनही आणला होता.

शुक्रवारी चार वाजता शेवटची पाचर ट्रकमध्ये चढली. शनिवारी बोट सुटली. बंदरावरून फोन आला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग मी बाईसाहेबांना लिहिलं, की तक्त्यातले बाण सुंदर होते, पण चूक माझी होती. शेड उघडी ठेवावी. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. परवान्याचं नूतनीकरण मंजूर, आणि तो मिलीमीटर नावाचा माणूस आमच्या बाकीच्या कारखान्यांना शिकवू शकेल का?

दीड महिन्याने परदेशातून फोटो आला. बोटीच्या पोटात गुंडाळ्या जिथल्या तिथे, आणि प्रत्येकीच्या कुशीत काकांच्या पाचरी. दोनशे माणसांची लाइन चालू होती. भोंगा माझ्या कचेरीतही ऐकू येत होता. फोटो घेऊन मी शेडकडे निघालो. चार मिनिटं. आता मी ती रोज चालतो.

काकांनी फोटो लांब धरून पाहिला, खिशातून खिळा काढला आणि नकाशात त्या बंदरावर ठोकला. मी जे मिळेल त्यावर बसलो आणि मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली, त्या दोनशे घरांच्या चुली राहिल्या, तुम्ही रागाने दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि तुमच्यासाठी मी काय करू, ते तरी सांगा.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऊठ, पुढच्या बोटीच्या लाकडावर बसलायस."